बंदिशाळा, भुते आणि मुळशीचे कैदी

तुरुंगाचे दार आतून पाहणे ही आपल्या पणजोबांच्या काळी घराण्यास काळिमा लावणारी गोष्ट होती. पुढे टिळकांच्या आणि गांधींच्या काळात तीच गोष्ट भूषणाची झाली, आणि घरातील एखाद्या वडील माणसाने भोगलेल्या कारावासाचा उल्लेख मुलाबाळांपुढे अभिमानाने होऊ लागला. आता तिसरा काळ आला आहे. या काळात तुरुंग पाहावयास लोक तिकीट काढून जातात. २६ जानेवारी २०२१ रोजी येरवड्याच्या मध्यवर्ती कारागृहात महाराष्ट्र सरकारने ‘कारागृह पर्यटना’स आरंभ केला. शाळकरी मुलांस पाच रुपये, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांस दहा आणि इतरांस पन्नास अशी प्रवेशाची आकारणी ठरली. जेथे पूर्वी न्यायाधीशाच्या हुकुमावाचून कोणास प्रवेश मिळत नसे, तेथे पन्नास रुपयांत प्रवेश मिळावा, हा काळाचा महिमाच म्हणावयाचा!

या उपक्रमास नावे ठेवण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. इतिहास पुस्तकात वाचणे निराळे आणि ज्या भिंतींआड तो घडला त्या भिंतींस हात लावून पाहणे निराळे, हे शिक्षकाच्या व्यवसायात तीस वर्षे घालविलेल्या माणसास कोणी सांगावयास नको. परंतु तुरुंग पाहणे ही एकदा सहल झाली, की सहलीचे धर्म तिला चिकटतात. सहलीस गंमत हवी असते. आणि तुरुंगासारख्या जागेत सर्वांत स्वस्त गंमत कोणती, तर भीतीची. अंधारकोठडी, फाशीचा खांब, साखळदंडांचा आवाज, मध्यरात्रीची किंकाळी एवढे साहित्य जेथे आयते आहे, तेथे भुतांचा बाजार भरावयास किती वेळ लागणार? ही केवळ कल्पना नव्हे. अन्यत्र तो बाजार भरून गेला आहे, आणि त्याचा वृत्तांत उद्‌बोधक असल्यामुळे प्रथम तोच सांगतो.

अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ‘ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरी’ नावाचा एक जुना तुरुंग आहे. जॉन हॅव्हिलंड नामक शिल्पकाराने त्याची आखणी केली आणि १८२९ साली तो उघडला. त्याचे बांधकाम किल्ल्यासारखे भयप्रद असले, तरी त्यामागील कल्पना धार्मिक आणि एका अर्थी दयाळू होती. गुन्हेगारास फटके मारून किंवा चव्हाट्यावर उभे करून त्याची सुधारणा होत नाही. त्यास एकटे ठेवावे, म्हणजे त्याचे मन अंतर्मुख होऊन त्यास पश्चात्ताप होईल, असे या तुरुंगाच्या पुरस्कर्त्यांचे मत होते. त्यामुळे प्रत्येक कैद्यास स्वतंत्र कोठडी मिळे. कोठडीबाहेर न्यावयाचे झाल्यास त्याच्या तोंडावर बुरखा घालीत, म्हणजे त्याने कोणास पाहू नये आणि कोणी त्यास ओळखू नये. १८४२ साली प्रसिद्ध कादंबरीकार चार्ल्स डिकन्स याने हा तुरुंग पाहिला. शरीराच्या कोणत्याही यातनेपेक्षा मनाचा असा रोज होणारा कोंडमारा अधिक क्रूर आहे, असा अभिप्राय त्याने आपल्या प्रवासवर्णनात नमूद केला. सद्‌हेतूने केलेली क्रूरता ही क्रूरताच असते, याचा हा एक मासलेवाईक दाखला होय.

१९७१ साली हा तुरुंग बंद पडला. छपरे गळू लागली, कोठड्यांतून झाडे उगवली. वास्तू वाचविण्यासाठी पैसा हवा होता, म्हणून १९९१ साली तेथे ‘हॅलोविन’ सणाच्या निमित्ताने भुतांच्या रात्री सुरू झाल्या. रंग फासलेले नट कोठड्यांतून अंगावर धावून यावेत आणि पैसे देऊन आलेल्या पाहुण्यांनी किंचाळत पळावे, असा तो खेळ. ‘भिंतींमागील भय’ अशा अर्थाचे नाव त्यास पुढे मिळाले आणि त्यास अमाप लोकप्रियता लाभली. त्या उत्पन्नाचा मोठा आधार वास्तूच्या दुरुस्तीस झाला, हे न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. भुते नसती तर कदाचित भिंतीही राहिल्या नसत्या! १९९४ पासून ती वास्तू रोजच्या प्रेक्षकांसाठी संग्रहालय म्हणून उघडली.

पण या गोष्टीची दुसरी बाजू अशी. या तुरुंगात आलेल्या पहिल्या कैद्याचे नाव चार्ल्स विल्यम्स. तो शेतकरी होता. एका घरात शिरून घड्याळ आणि असेच किरकोळ जिन्नस चोरल्याबद्दल त्यास दोन वर्षांची सजा झाली होती. तुरुंगाच्या दप्तरात तो ‘कैदी क्रमांक एक’ झाला आणि त्याच्या तोंडावर बुरखा आला. भुतांच्या रात्री जो नट अंगावर धावून येतो, त्याच्या तोंडावरही मुखवटाच असतो. म्हणजे तुरुंगाने ज्याचे नाव आणि तोंड काढून घेतले, त्यास करमणुकीनेही नाव आणि तोंड परत दिले नाही. उलट जो बिचारा घड्याळ चोरून दोन वर्षे एकटा बसला होता, त्याच्या जातीच्या सर्व माणसांस तिने भेसूर राक्षस करून सोडले. ही विसंगती त्या संग्रहालयाच्या चालकांच्याही ध्यानात आल्यावाचून राहिली नसावी. २०१४ साली त्यांनी अंगणात सोळा फूट उंचीचा एक पोलादी आलेख उभारला. अमेरिकेत तुरुंगात असलेल्या माणसांचे प्रमाण कसे वाढत गेले, हे तो दाखवितो. २०२१ साली भुतांच्या खेळाचे जुने नावही बदलण्यात आले.

आता आपल्याकडे वळू. भुतांच्या बाबतीत मराठी माणूस अमेरिकेपेक्षा मागासलेला आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु आपल्या भुतांची एक विशेषता आहे. मुंजा, समंध, हडळ, खवीस ही नावे लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकलेल्या वाचकांनी थोडा विचार करून पाहावा. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर सोडमुंज होण्यापूर्वी मेलेला मुलगा. हडळ ही बहुधा बाळंतपणात गेलेली बाई. समंध म्हणजे वंश न ठेवता, धनावर जीव ठेवून मेलेला पुरुष. या प्रत्येक भुतास वय आहे, आयुष्यक्रम आहे, आणि मुख्य म्हणजे काहीतरी अपुरे राहिलेले आहे. खेड्यातील माणूस भुताला भितो खरा, पण त्याबरोबरच तो विचारतो, “याचे काय राहिले आहे?” आणि ते पुरे करण्याची खटपट करतो. भुताच्या समजुतीवर आपला विश्वास असो वा नसो, त्या समजुतीत मेलेल्या माणसाविषयी काहीएक जबाबदारी गृहीत धरलेली आहे, हे कबूल केले पाहिजे. तिकिटाच्या भुताजवळ अशी काही मागणी नसते. त्याने किंचाळावे आणि आपण हसत घरी जावे, एवढाच त्या व्यवहाराचा अर्थ.

ही जबाबदारी गळून पडली म्हणजे इतिहासाचे काय होते, हे पाहावयास पुणेकरांस फार दूर जावे लागत नाही. शनिवारवाड्यात अमावास्येच्या रात्री, कोणी म्हणतात पौर्णिमेच्या, ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. तीपायी रात्री वाड्याभोवती घुटमळणारी तरुण मंडळीही दिसतात. आता मूळ घटना पाहा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी झाला, आणि तो मध्यरात्री नव्हे तर भर दुपारी झाला. त्या वेळी पेशव्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांस वाचविण्यासाठी त्यांच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर नावाचा सेवक त्यांच्याबरोबर कापला गेला. वाड्यातील आणखी कित्येक माणसे त्या दुपारी मारली गेली. पुढे रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून, ज्याच्या हाती सत्ता आली होती त्या राघोबादादांच्या तोंडावर देहान्त प्रायश्चित्ताचा निर्णय सांगितला आणि पुण्याचा त्याग केला. मराठ्यांच्या न्यायाच्या इतिहासातील हा सर्वांत उज्ज्वल क्षण होय. भुताच्या गोष्टीने यातील काय उचलले? फक्त किंकाळी. दुपारची रात्र झाली; चाफाजी नाहीसा झाला; रामशास्त्र्यांचे तर नावही उरले नाही. अपराध कोणाचा आणि निर्णय काय, हा प्रश्नच गोष्टीतून निघून गेला आणि मागे राहिला तो अंगावरचा काटा.

आता पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यात चलावे. तुरुंग आणि विस्मृती यांचा संबंध तेथे अधिक खोल आहे. या तालुक्याच्या टोकाशी, जेथे सह्याद्री एकाएकी कोकणात उतरतो, तेथे एकोले गावाच्या माथ्यावर घनगड नावाचा एक लहानसा किल्ला आहे. उंची सुमारे तीन हजार फूट. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आणि कड्याच्या पोटातील गुहा. १८१८ च्या मार्च महिन्यात कर्नल प्रॉथरच्या फौजेने कोरीगड घेतला, त्यापाठोपाठ हाही इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाईत घनगडाचा उपयोग कैदी ठेवण्यासाठी होत असे, असे परंपरेने सांगतात. आणि त्या काळची रीत पाहता त्यात असंभाव्य असे काही नाही. त्या काळी निराळी बंदिशाळा बांधण्याचे कारणच पडत नसे. दुर्गम किल्ला हाच तुरुंग. सखारामबापू बोकिलांसारखा एका काळचा कारभारी गडागडांवर कैदेत हिंडला आणि १७८१ साली रायगडावर कैदेतच वारला, हे आपणांस ठाऊक आहे; कारण बापू मोठे होते, त्यांच्याविषयी कागद लिहिले गेले आणि ते टिकले.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांबरोबर घनगडावर जाण्याचा योग आला होता. वरच्या गुहेत शिरताच एका मुलीने विचारले, “सर, इथे कैद्यांची भुते असतील का हो?” सगळी मुले हसली. तिला मी उलट विचारले, “येथे ठेवलेल्या एका तरी कैद्याचे नाव तुला सांगता येईल काय?” अर्थातच तिला ते येईना, आणि खरे पाहता मलाही येत नव्हते. मग आम्ही तेथेच बसून हा हिशेब केला, की ज्या कैद्याचे नाव माहीत असते त्याचे भूत कोणी सांगत नाही. रायगडावर सखारामबापूंच्या भुताची गोष्ट आम्ही कोणीच ऐकली नव्हती. नाव असले म्हणजे मनुष्य चरित्रात जातो. नाव नसले म्हणजे तो भुतांच्या गोष्टीत जातो. मुलांस हा विचार पटलेला दिसला, आणि उतरताना त्यांनी भुतांचा विषय काढला नाही.

याच मुळशीतील पण फार अलीकडची, कागदोपत्री सिद्ध असलेली आणि तरीही जवळजवळ निनावी झालेली अशी कैद्यांची एक पलटण आहे. तिची हकीकत सांगण्यासाठीच हा एवढा खटाटोप.

पहिल्या महायुद्धानंतर नीळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधून, ते पाणी बोगद्यांतून कोकणात सोडून त्यावर वीज उत्पन्न करण्याची योजना टाटा कंपनीने हाती घेतली. मुंबईच्या गिरण्यांस आणि आगगाड्यांस वीज हवी होती. सरकारने १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यान्वये मावळ्यांच्या जमिनी कंपनीस मिळवून देण्याचे ठरविले. पन्नासाच्या आसपास गावे पाण्याखाली किंवा पाण्याच्या तोंडी येत होती. जमीन म्हणजे आंबेमोहोर भाताची खाचरे. ती सोडून जावयाचे कोठे, हे कोणी सांगितलेले नव्हते. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळे कामाच्या जागेवर जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे हे या लढ्याच्या मूळ उभारणीत होते. पांडुरंग महादेव बापट हे त्याचे पुढारी झाले, आणि महाराष्ट्राने त्यांस जी ‘सेनापती’ ही पदवी दिली ती याच लढ्यात. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी संघटितपणे केलेला हा जगातील पहिला लढा होय, असे प्रा. राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथात प्रतिपादन केले आहे.

काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले. सत्याग्रहही थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मग अटकेचे सत्र चालले. पुढाऱ्यांबरोबर साधे शेतकरी, आणि पुरुषांबरोबर बायकाही तुरुंगात गेल्या. ज्यांनी जन्मात पौड-पुण्यापलीकडे गाव पाहिले नव्हते, त्यांनी येरवड्याचा तुरुंग पाहिला. तेथे नेमून दिलेले काम पुरे केले नाही, एवढ्या कारणावरून १९२३ साली मुळशीच्या कैद्यांपैकी काहींस फटके मारण्यात आले. वाचकांनी येथे क्षणभर थांबून या शिक्षेचा विचार करावा. चोरी नाही, मारामारी नाही. वडिलोपार्जित खाचर सोडावयाचे नाही, एवढाच मूळ अपराध, आणि कामात कसूर हा त्यावरचा दुसरा.

योगायोग असा, की त्याच वेळी गांधीजी त्याच तुरुंगात होते. मार्च १९२२ मध्ये सहा वर्षांची सजा होऊन ते येरवड्यास आले होते. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाल्यावर फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली. मुळशीकरांस फटके मारल्याची बातमी तुरुंगाच्या भिंतींतून झिरपत त्यांच्यापर्यंत पोहोचली. या प्रकाराच्या निषेधार्थ दास्ताने आणि शंकरराव देव यांनी अन्नत्याग केला होता. गांधीजींनी अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करून त्यांस भेटण्याची परवानगी मिळविली आणि उपवास सोडण्याविषयी त्यांची समजूत घातली. पुढे फटक्यांच्या शिक्षेवर सरकारने निर्बंधही घातले. सुटकेनंतर गांधीजींनी ‘यंग इंडिया’त आपले तुरुंगातील अनुभव लिहिले, त्यात ही हकीकत आली आहे. म्हणजे येरवड्याच्या इतिहासातील ज्या कोठडीस आपण वंदन करतो, तिच्यापासून हाकेच्या अंतरावर मुळशीच्या शेतकऱ्यांची पाठ फुटत होती, आणि त्यांच्या पाठीवरच्या वळांमुळे तुरुंगाचा एक नियम बदलला. हा मान किरकोळ नव्हे.

लढा अखेर हरला. १९२४ च्या अखेरीस सेनापतींनी कामाच्या मालाची आगगाडी शस्त्र हाती घेऊन अडविली आणि सात वर्षांची सजा पत्करली. १९२७ साली धरण पुरे झाले. भिरा येथील वीजघर चालू झाले. गावे उठली. त्या विजेने पुढे जे दिवे लागले, गिरण्या चालल्या आणि आगगाड्या धावल्या, त्यांचा लाभ लाखो माणसांस झाला, हेही खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. इतिहासात पुष्कळदा दोन्ही बाजूंस काही ना काही खरे असते. प्रश्न एवढाच असतो, की किंमत कोणी दिली आणि तिची नोंद कोठे झाली.

येथे आपल्या वर्गास कडू लागणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मुळशीच्या पुष्कळशा जमिनी कागदोपत्री पुण्यातील सावकारांकडे गहाण पडलेल्या किंवा त्यांच्या मालकीच्या झालेल्या होत्या. सत्याग्रहाच्या आरंभी पुण्याच्या सुशिक्षितांनी सभा घेतल्या, भाषणे केली, मदतीची आश्वासने दिली. परंतु नुकसानभरपाईची रक्कम समोर येताच सावकारमंडळी ती घेऊन मोकळी झाली आणि कसणारा कूळ मात्र तुरुंगात बसला. लढा मोडण्याच्या कारणांत हे एक प्रमुख कारण होते, असे अभ्यासकांचे मत आहे. पुण्याच्या एखाद्या जुन्या घरात आज जी सुबत्ता दिसते तिच्यात मुळशीच्या भरपाईचा अंश नाहीच, असे छातीवर हात ठेवून कितीजणांस म्हणता येईल? ज्यांस पैसे मिळाले त्यांची नावे पावत्यांवर राहिली. ज्यांस फटके मिळाले त्यांची नावे मात्र तुरुंगाच्या दप्तरांत आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींत धूळ खात पडली.

आता पुन्हा येरवड्याच्या फाटकाशी येऊ. तेथे प्रेक्षकांस काय दाखवावयाचे, तर गांधीजींची कोठडी, टिळकांची कोठडी, ज्या आम्रवृक्षाखाली १९३२ च्या सप्टेंबरात पुणे कराराची बोलणी झाली तो वृक्ष, आणि १८९८-९९ साली चाफेकर बंधू व महादेव रानडे ज्या जागी फाशी गेले ती जागा. ही सर्व स्थळे वंदनीयच आहेत. पुण्यातच आगाखान राजवाड्याचे उदाहरण पाहावे. तेथे महादेवभाई देसाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी स्थानबद्धतेतच निवर्तल्या. १९६९ साली आगाखानांनी ती वास्तू देशास दिली. तेथील दोन समाध्यांपुढे उभे राहताना कोणास भुतांची आठवण होत नाही. कारण तेथे नावे आहेत, तारखा आहेत, आणि ही माणसे कशी राहिली व कशी गेली हे सांगणारे साहित्य आहे. जेथे एवढे केलेले असते तेथे भीतीस जागा उरत नाही. तेथे गांभीर्य येते, आणि लहान मूलही आपोआप आवाज खाली आणते.

येरवडा हा तर अजून चालता तुरुंग आहे. तेथे आजही हजारो माणसे आपापल्या सजा भोगीत आहेत किंवा खटल्यांची वाट पाहत आहेत. त्यामुळे फिलाडेल्फियासारखा भुतांचा खेळ तेथे होणार नाही, असा भरवसा वाटतो. परंतु भीतीच्या करमणुकीचे बीज प्रेक्षकाच्या मनात असते, ते फाटकाबाहेर ठेवून कोणी आत जात नाही. फाशीची जागा दाखविताना दोराची लांबी सांगावयाची, की दामोदर चाफेकरांनी काय केले आणि का केले हे सांगावयाचे? अंधारकोठडी दाखविताना दिवा मालवून मुलांस घाबरवावयाचे, की त्या कोठडीत कोण किती दिवस होता हे सांगावयाचे? याचा निर्णय दाखविणाऱ्याच्या एका वाक्याने होतो. किंकाळी सांगणे सोपे आहे आणि ती श्रोत्यांस आवडते. निर्णय सांगावयास मात्र अभ्यास लागतो.

‘हॅलोविन’चा सण ३१ ऑक्टोबर रोजी येतो. वस्तुतः १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस. त्यांची ही पूर्वसंध्या. आपल्या वसईचे आणि गोव्याचे ख्रिस्ती बांधव २ नोव्हेंबरला आजही स्मशानभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. म्हणजे मूळ सण स्मरणाचा. करमणुकीने त्याचा मुखवटा तेवढा ठेवला आणि स्मरण काढून टाकले. आपल्याकडे त्याच सुमारास, थोडा आधी, भाद्रपदाचा वद्य पक्ष येतो. त्यास आपण पितृपक्ष म्हणतो. तर्पण करणारा मनुष्य तीन पिढ्यांची नावे आणि गोत्र उच्चारून पाणी सोडतो. आणि ज्यांस पाणी द्यावयास कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ राखून ठेवतो. धर्मविधी म्हणून कोणी तो मानो वा न मानो, त्यातील शिकवण इतिहासाच्या विद्यार्थ्याने घेण्यासारखी आहे. मेलेल्याविषयी आपले पहिले कर्तव्य त्याचे नाव घेणे हे होय.

या दृष्टीने एक सूचना करावीशी वाटते. येरवड्यास येणाऱ्या प्रेक्षकांच्या वाटेवर मुळशीच्या सत्याग्रही कैद्यांच्या नावांचा एक साधा फलक असावा. संगमरवर नको, पुतळा नको. नाव, गाव, सजा आणि साल एवढेच. ही नावे मिळविण्याचे काम पुण्यातील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अंगावर घ्यावे. तुरुंगाची दप्तरे, न्यायालयांचे निकाल, त्या वेळच्या ‘केसरी’चे अंक, सत्याग्रहात भाग घेतलेल्यांचे लेखन, आणि मुळशीतून उठून अन्यत्र वसलेल्या कुटुंबांच्या आठवणी, एवढी साधने धुंडाळली म्हणजे यादी पुरी नाही तरी मोठी होईल. तशीच एक यादी धरणाच्या काठी असावी. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहावयास जाणारी हजारो कुटुंबे त्या पाण्याच्या कडेने जातात. मुले विचारतात, “बाबा, हे तळे केवढे मोठे आहे!” त्या वेळी बाबांस सांगावयास काहीतरी हाताशी असावे.

असल्या फलकांनी बुडालेली खाचरे परत येणार नाहीत आणि पाठीवरचे वळ पुसले जाणार नाहीत. कोणास यातून धनलाभ होण्यासारखाही नाही. भुतांच्या रात्रीस जशी गर्दी लोटते तशी नावांच्या यादीपुढे लोटणार नाही. तथापि दहा मुलांत एखादे तरी मूल यादीत आपल्या आडनावाचा किंवा आपल्या आजोळच्या गावाचा शोध घेईल. शोधताना त्याचे बोट कोणा एका शेतकऱ्याच्या नावावर थांबेल, आणि हा मनुष्य तुरुंगात का गेला, असे ते आपल्या वडिलांस विचारील. वडिलांस उत्तर ठाऊक नसेल, तर ते घरी येऊन पुस्तक उघडतील. रामनवमीस मुळशीची आठवण काढणारी चार घरे पुण्यात निघाली, तर शंभर वर्षांपूर्वी पुण्याने अर्धवट सोडलेल्या एका कामास पुन्हा हात लागला, असे म्हणता येईल.